झाडू उचलला, कीर्तन विसरले

मुळशी तालुक्यातल्या गावागावांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खराटा घेतलेले गाडगेबाबा दिसतात. शासनाने 2000-01 साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. पण त्याच गावाच्या तिठ्यावर अमावास्येला लिंबू, बिबा आणि भाताचा उतारा असतो. म्हैस आटली, पोर तापले की देवऋषी बोट दाखवतो ते शेजारच्या एकट्या बाईकडे. तिनेच करणी केली म्हणे! शासनाने बाबांचा झाडू तेवढा घेतला. त्यांच्या तोंडचे काय?

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात झाला. देवापुढे बकरे कापायचे आणि त्या निमित्ताने दारू प्यायची, हा घरचा रिवाज. बाप त्या दारूनेच गेला. आई सखूबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथे मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना या निरक्षर पोराने पाहिली आणि तो सावकाराला नडला. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्याने बकरे-दारू नाकारून गोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले. 1905 साली त्याने घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगे.

दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. वकिली करणाऱ्या माझ्यासारख्याला ते कीर्तन म्हणजे उलटतपासणीच वाटते. बाबा उपदेश कमी करीत, प्रश्न जास्त विचारीत, आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. सत्यनारायणाने बुडालेली नाव वर येते, तर समुद्रात बुडालेली जहाजे पूजा घालून का काढत नाहीत, असे ते विचारीत. नवस, अंगारे-धुपारे, मंत्रतंत्र, भगताचे घुमणे, सर्वांची अशीच झडती. आपला कोणी गुरू नाही आणि शिष्यही नाही, हे त्यांनी बजावून ठेवले होते. आज त्यांच्याच आरत्या करणाऱ्यांनी हे ऐकावे.

हा रोग फक्त आपलाच नाही. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकाच्या आरोपावरून सुमारे 40 ते 50 हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य बाया. हे बहुतांशी न्यायालयांनी केले. छळ करून कबुली घ्यायची आणि त्याच कबुलीवर फाशी किंवा जाळणे. स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथे आना गोल्डी या मोलकरणीचा 1782 साली शिरच्छेद झाला. तिथल्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवले ते 2008 साली! आपल्याकडे तर खटल्याचाही खटाटोप नाही. देवऋषीच फिर्यादी, तोच साक्षीदार, तोच न्यायाधीश.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला 2013 साली, तोही 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून पडल्यावर. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावराचे दूध आटवते असे जाहीर करणे हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच ते पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तक्रार घेऊन जाणाऱ्या बाईला ठाण्यातून गावकीत मिटवा म्हणून परत पाठवले जाते, तेव्हा हे कलम तिच्या हातात असले पाहिजे. भिंतीवर बाबांच्या चित्राशेजारी ते रंगवायला कितीसा खर्च येतो?

बाबांनी दगडाच्या देवावर पैसा घातला नाही. धर्मशाळा, सदावर्ते, शाळा, वसतिगृहे उभी केली. पंढरपुरात अस्पृश्यांसाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतःच्या नातलगांना एक खोलीही ठेवली नाही. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला.