धुक्यापलीकडे पाहणारा चित्रकार

उंच कड्यावर एक माणूस उभा आहे. त्याची पाठ आपल्याकडे आहे. समोर धुक्याचा समुद्र पसरला आहे आणि त्यातून डोंगरांची टोके तेवढी वर आली आहेत. जर्मन चित्रकार कास्पर डेव्हिड फ्रीडरिश यांनी १८१८च्या सुमारास रंगविलेले हे चित्र आज हॅम्बुर्गच्या कलादालनात आहे. त्या माणसाचा चेहरा कधीच दिसत नाही. तरीही त्याच्या मनात काय चालले असेल, हा विचार पाहणाऱ्याला सोडत नाही.

फ्रीडरिश यांचा जन्म ५ सप्टेंबर १७७४ रोजी बाल्टिक समुद्राकाठच्या ग्राइफ्सवाल्ड येथे झाला. हा प्रदेश तेव्हा स्वीडनच्या अमलाखाली होता. वडील साबण आणि मेणबत्त्या तयार करीत. वयाच्या सहाव्या वर्षी आईचे छत्र हरपले. १७८७ मध्ये धाकटा भाऊ डोळ्यांदेखत बुडून मरण पावला. कास्पर यांना वाचविताना त्याने प्राण गमावले, असे सांगितले जाते. मृत्यूची ही सावली पुढे त्यांच्या चित्रांतून पडकी मठमंदिरे, निष्पर्ण ओक वृक्ष आणि गोठलेले पाणी या रूपांनी वारंवार उमटत राहिली.

कोपनहेगनच्या कला अकादमीत चार वर्षे शिक्षण घेऊन १७९८ मध्ये ते ड्रेस्डेनला आले आणि तेथेच स्थायिक झाले. एल्ब नदीकाठचे डोंगर आणि र्‍यूगेन बेटाचा किनारा त्यांनी पायी धुंडाळला. झाडे आणि खडक ते वहीत काटेकोरपणे रेखाटीत. मूळ चित्र मात्र घरातल्या ओक्याबोक्या खोलीत साकारे. निरनिराळ्या ठिकाणचे खडक एकाच चित्रात एकत्र येत. डोळ्यांपुढच्या दृश्याबरोबरच अंतःकरणात उमटलेले दृश्यही चित्रकाराने रंगवावे, अशी त्यांची धारणा होती.

निसर्गचित्राला तेव्हा धार्मिक आणि ऐतिहासिक चित्रांच्या खालचे स्थान होते. १८०८ मध्ये फ्रीडरिश यांनी वेदीसाठी पर्वतशिखर, देवदारांसारखे उंच वृक्ष आणि त्यांच्यामधला क्रूस असे चित्र काढले, तेव्हा निसर्गदृश्य थेट वेदीवर चढविल्याबद्दल टीकेचे वादळ उठले. ते मागे हटले नाहीत. १८१० मध्ये बर्लिनमध्ये मांडलेल्या चित्रात अथांग आकाश, काळपट समुद्र आणि किनाऱ्यावर एकच इवलासा संन्यासी होता. या चित्रात आधी जहाजेही होती, हे आधुनिक तपासणीतून उघड झाले. फ्रीडरिश यांनी ती पुसून टाकली आणि माणसाला अनंतासमोर एकटे उभे केले. हे चित्र प्रशियाच्या राजाने विकत घेतले.

१८१८ मध्ये त्यांचा कॅरोलिन बोमर यांच्याशी विवाह झाला. संसार फुलला; पण काळ बदलत होता. लोकांची रुची वास्तववादी चित्रांकडे वळली. १८२४ मध्ये अकादमीतील निसर्गचित्राचे प्रमुखपद त्यांना नाकारण्यात आले. बर्फाच्या कड्यांत चिरडलेल्या जहाजाचे त्यांचे भव्य चित्र त्यांच्या हयातीत विकलेच गेले नाही. १८३५ मध्ये पक्षाघाताने हात अधू झाला आणि तैलरंग जवळजवळ सुटले. तरीही लहान आकाराची एकरंगी चित्रे ते काढीत राहिले. ७ मे १८४० रोजी ड्रेस्डेनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा कलाजगत त्यांना विसरत चालले होते.

१९०६ मध्ये बर्लिनमध्ये भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाने त्यांना विस्मृतीतून बाहेर काढले. पुढे नाझी राजवटीने त्यांच्या चित्रांवर आपला राष्ट्रवाद लादला आणि त्यांची प्रतिमा काही काळ झाकोळली. तो डागही ओसरला. २०२४ मध्ये जन्माला २५० वर्षे झाली, तेव्हा हॅम्बुर्ग, बर्लिन आणि ड्रेस्डेन या तिन्ही शहरांत त्यांची प्रदर्शने भरली. कड्यावरच्या त्या पाठमोऱ्या माणसामागे उभे राहून प्रेक्षक धुके पाहू लागतो आणि काही क्षणांतच त्याला त्या धुक्यात स्वतःच्या मनाचा तळ शोधावासा वाटतो. दोन शतकांनंतरही फ्रीडरिश यांचा निसर्ग जिवंत राहिला आहे, तो यामुळेच.