कॅरियर यांना कोरडी हवा हवी होती

वर्तकनगरच्या जुन्या म्हाडा इमारतीतली दहा बाय दहाची खोली, भिंतीवर दीड टनाचा एसी आणि पाऊस तोंडावर आलेली जूनची रात्र. एसी पाच मिनिटं चालतो, थांबतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. रिमोटवर 24 अंश दिसतात, खोलीही गार असते. पण चादर दमट लागते आणि अंगाची चिकचिक काही जात नाही. गारवा आहे, मग बिघडलंय काय? एसी मुळात कशासाठी तयार झाला, हे पाहिलं की उत्तर सापडतं.

विलिस कॅरियर यांचा जन्म 1876 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावाजवळ एका शेतकरी घरात झाला. लहानपणी त्यांना अपूर्णांक जमत नव्हते. आईने सफरचंदं कापून अर्धा, पाव, अष्टमांश समजावले, अशी हकिगत सांगितली जाते. ते अकरा वर्षांचे असताना ती गेली. शिष्यवृत्तीवर कॉर्नेल विद्यापीठात शिकून 1901 मध्ये ते बफेलो फोर्ज या कंपनीत लागले. पगार आठवड्याला दहा डॉलर. सुरुवातीचं काम होतं इमारती गरम ठेवण्याच्या आणि लाकूड, कॉफी वाळवण्याच्या यंत्रणांचं. नळ्यांमधून हवेला नेमकी किती उष्णता मिळते, हे तोवर बरंचसं अंदाजाने ठरे. कॅरियर यांनी ते मोजून तक्ते तयार केले.

पुढच्याच वर्षी ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्याची अडचण त्यांच्याकडे आली. रंगीत छपाईत तोच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा यंत्रातून जाई. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आक्रसे, आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. इथे कामगारांना गारवा देण्याचा प्रश्नच नव्हता. हवेतला दमटपणा वर्षभर 55 टक्क्यांवर ठेवायचा होता. जुलै 1902 मध्ये पंचविशीतल्या कॅरियर यांनी त्याचे आराखडे पूर्ण केले. थंड नळ्यांवरून हवा नेली की तिच्यातली वाफ पाणी होऊन निथळते, हे त्यामागचं तत्त्व. त्या यंत्रणेची ताकद दिवसाला 54 टन बर्फ वितळण्याइतकी होती. आपल्या एसीचा टन तो हाच: चोवीस तासांत एक टन बर्फ वितळायला लागते तेवढी उष्णता ओढण्याची क्षमता. त्याचा यंत्राच्या वजनाशी संबंध नाही.

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या फलाटावर, धुक्यात गाडीची वाट पाहताना त्यांना पुढची वाट दिसली. धुक्यातली हवा पाण्याने पूर्ण भरलेली असते, पण थंड असल्यामुळे तिच्यात प्रत्यक्षात वाफ थोडीच मावते. म्हणजे थंड पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेऊन ती कोरडी करता येईल! ऐकायला उफराटं वाटतं, पण 1906 मध्ये त्यांना याच यंत्राचं पेटंट मिळालं. तापमान आणि आर्द्रता यांचं नातं बांधणारी सूत्रं त्यांनी 1911 मध्ये मांडली. वातानुकूलनाचे अभियंते आजही त्याच पायावर हिशेब करतात. 1915 मध्ये सहा सहकाऱ्यांसह त्यांनी स्वतःची कंपनी काढली. 1925 मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात त्यांची यंत्रणा बसली आणि सामान्य प्रेक्षकाला हा गारवा ठाऊक झाला. 1950 मध्ये कॅरियर यांचं निधन झालं.

आता ती वर्तकनगरची खोली. एसी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं आतली कॉइल थंड होण्यातच जातात. मग तिच्यावर थेंब धरतात आणि त्यानंतर कुठे नळीतून पाणी बाहेर पडू लागतं. शंभर चौरस फुटांना साधारण एक टन पुरतो. दीड टनाचा एसी हवा चटकन गार करतो आणि पाणी निथळण्याआधीच कॉम्प्रेसर थांबतो. पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत उडवतो. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून माणूस रिमोट 20 वर नेतो. त्याने बिल वाढतं आणि पहाटे हुडहुडी भरते.

मोठा घेतलेला बरा, हा सल्ला पाण्याच्या टाकीला ठीक, एसीला नाही.

अर्थात दोष दर वेळी आकाराचाच असतो असं नाही. आधी जाळी धुवावी, त्याला पैसे पडत नाहीत. एसीसमोर कपाट किंवा पडदा असेल तर थंड हवा लगेच परतून सेन्सरला फसवते. आउटडोअर युनिट इमारतीच्या बंद डक्टमध्ये कोंडलेलं असेल, तर ते तापून कॉम्प्रेसर बंद पडतो. कॉइलवर बर्फ धरत असेल आणि जाळी स्वच्छ असेल, तर गॅस कमी झाल्याची शंका घ्यावी. पण गॅस आपोआप संपत नाही, म्हणून भरण्याआधी मेकॅनिककडून गळती शोधून घ्यावी. एसी बंद केल्यावर तीन मिनिटं तरी पुन्हा लावू नये, नाहीतर आतला दाब समान होण्याआधीच कॉम्प्रेसरवर भार येतो.

हे सगळं ठीक असूनही एसी घडीघडी थांबत असेल, तर पंख्याचा वेग कमी ठेवून ड्राय मोड लावून पाहावा. हवा सावकाश सरकली की कॉइल अधिक थंड राहते आणि पाणी जास्त निथळतं.