रेव्ह. टिळक : ओठांवरचे गीत आणि मनातला प्रभू



मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणात एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. पूर्वीची भक्ती आता राहिली नाही का? कीबोर्ड आला, माईक आला, गाण्यांच्या चाली बदलल्या. मग श्रद्धा मागे पडली का? वडीलधाऱ्यांना तसे वाटते, तरुणांना ते पटत नाही. या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे जीवन आठवते. ते कॅथलिक नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे होते. पण मराठीतून प्रभूची स्तुती करणाऱ्या आपणा सर्वांवर त्यांचे ऋण आहे.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृतचे शिक्षण, कवीचे मन आणि सत्याचा ध्यास. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी प्रवाशाने त्यांच्या हाती नव्या कराराचे पुस्तक दिले. टिळकांनी ते वाचायला घेतले आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. नातलग दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही स्वतःच्या श्रद्धेने बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) सेवा करताना टिळकांना एक गोष्ट खुपू लागली. बऱ्याच ठिकाणी मराठी ख्रिस्ती माणसे इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर म्हणत. शब्द परके, चाल परकी. तोंड गाई, मन कोरडे राही. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्ताच्या पायापर्यंत आणले, असे टिळक मानत. मग त्यांनी अभंग, ओवी आणि भजन हाती घेतले आणि ख्रिस्ती कीर्तनाला बळ दिले. उपासना संगीतातील दोनशेहून अधिक गीते त्यांची आहेत. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंड्या पाहणाऱ्या आपल्या जेऊरकरांना टाळ-मृदंगाचे बळ वेगळे सांगायला नको.

म्हणजे टिळकांनी उपासना बदलली. त्या काळी हेच नवे होते! आपल्या ख्रिस्तसभेतही असेच घडले. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने भाविकांनी समजून-उमजून, सक्रिय सहभाग घ्यावा असे ठरवले आणि लॅटिनमध्ये होणारी मिस्सा मायबोलीत आली. त्याआधी मिस्सा चालू असताना अनेक जण आपापली रोझरी म्हणत बसत. त्यांची भक्ती खरी होती, पण वेदीवरचे शब्द त्यांना कळत नव्हते. तेव्हा जुने ते सगळे सोने आणि नवे ते सगळे पितळ, असे म्हणता येणार नाही.

पण टिळक केवळ चाली बदलून थांबले नाहीत. त्यांनी आधी स्वतःला बदलले. १९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि सातारा येथे संन्यस्त वृत्तीने राहू लागले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. येशूला गुरू मानणाऱ्या कोणालाही, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्यात जागा होती. प्रभूशी नाते व्यक्तिगत असावे, पण एकट्याचे नसावे, असा त्याचा अर्थ. श्रद्धा माझ्या मनात आहे, चर्चला कशाला जाऊ, असे म्हणणाऱ्यांना टिळकांचा आधार घेता येणार नाही. हे काम पुरते रुजण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार फार काळ टिकला नाही, गीते टिकली.

आणि येथेच आपली परीक्षा आहे. सवयीने गाणे थांबावे म्हणून टिळकांनी जी गीते रचली, तीच आज सवयीने गाता येतात. पुस्तक न उघडता सारी कडवी तोंडपाठ, आणि ध्यान दाराबाहेरच्या मोटारसायकलकडे! दोष जुन्या चालीचा नाही, नव्या कीबोर्डचाही नाही. कोणतीही उपासना, अगदी जिवंत मनातून निघालेली असली तरी, मन काढून घेतले की पोकळ होते. मिस्सेत प्रभू ख्रिस्त स्वतः उपस्थित असतो. ते आपल्या भावनेवर अवलंबून नाही. पण त्याच्यासाठी दार उघडायचे की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे.

म्हणून पुढच्या रविवारी एक छोटे काम करू या. मिस्सेला पाच मिनिटे आधी येऊ या. त्या दिवशीच्या एका गीताचे शब्द न गाता, सावकाश वाचू या आणि स्वतःला विचारू या : हे मी प्रभूला खरोखर म्हणू शकतो का? मग कीबोर्ड वाजो की मृदंग, सोमवारी शेतावर, दुकानात आणि शाळेत ते गीत आपल्या वागण्यातून ऐकू येईल. तशी कृपा प्रभू आपल्या सर्वांना देवो.