लेव्ह व्हायगॉट्स्की

लेव्ह सेम्योनोविच व्हायगॉट्स्की (१७ नोव्हेंबर १८९६ – ११ जून १९३४) हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ होते. बालविकासाविषयीच्या त्यांच्या सिद्धांतांमुळे ते शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. किशोरवयीन विद्यार्थ्यांची विचारशक्ती कशी घडते, यावरील त्यांचे संशोधन मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिले.

जीवन

व्हायगॉट्स्कींचा जन्म आजच्या बेलारूसमधील ओर्शा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे बालपण गोमेल या गावी गेले. मॉस्को विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांना तीन टक्केच जागा असत आणि १९१३ मध्ये त्यासुद्धा गुणांऐवजी सोडत काढून दिल्या गेल्या. शाळेत सुवर्णपदक मिळवलेल्या व्हायगॉट्स्कींचे नाव सोडतीत निघाले, हा केवळ दैवयोग होता. त्यांनी वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला, पण लवकरच ते कायद्याकडे वळले. १९१७ नंतर ते गोमेलला परतले आणि तेथे साहित्य व मानसशास्त्र शिकवू लागले. याच काळात त्यांना क्षयरोग जडला. १९२४ मध्ये एका परिषदेतील व्याख्यानामुळे त्यांना मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत बोलावणे आले. तेथे अलेक्झांडर लुरिया आणि अलेक्सेय लिओन्तिएव्ह हे त्यांचे सहकारी झाले.

किशोरवयाचा अभ्यास

१९२९ ते १९३१ या काळात व्हायगॉट्स्कींनी शिक्षकांच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमासाठी किशोरवयावर विस्तृत ग्रंथ लिहिला. त्याला लिओनिद साखारोव्ह यांच्यासोबत विकसित केलेल्या एका प्रयोगाचा आधार होता. निरनिराळ्या रंगांचे, आकारांचे, उंचीचे आणि रुंदीचे लाकडी ठोकळे समोर मांडलेले असत. प्रत्येक ठोकळ्याच्या तळाशी चार निरर्थक शब्दांपैकी एक लिहिलेला असे. परीक्षक एक ठोकळा उलटून त्यावरील शब्द दाखवी आणि त्याच नावाचे इतर ठोकळे निवडायला सांगे. रंग आणि आकार ही येथे फसवी चिन्हे होती. शब्द ठरत असे तो उंची आणि रुंदी यांच्या जोडीने.

मुले, किशोर आणि प्रौढ मिळून तीनशेहून अधिक व्यक्तींवर हा प्रयोग झाला. लहान मुले ठोकळे कसेही गोळा करीत. थोडी मोठी मुले दिसणाऱ्या साम्यावरून जुळणी करीत. खरी संकल्पना बनवण्याची क्षमता किशोरवयातच परिपक्व होताना आढळली. तरीही अनेक किशोर ठोकळे अचूक निवडत, पण निवडीचा नियम शब्दांत मांडताना अडखळत. तयार व्याख्या पाठ करून घेतल्याने विद्यार्थ्याच्या हाती पोकळ शब्द तेवढे येतात, असा निष्कर्ष व्हायगॉट्स्कींनी काढला. शरीर वयात आले म्हणजे विचारही आपोआप प्रौढ होतो, हेही त्यांना मान्य नव्हते. भोवतालच्या जगाने किशोरासमोर नवी, अवघड कामे ठेवली नाहीत तर त्याचा विचार वरच्या पायरीवर उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. शाळेची जबाबदारी यातून बरीच वाढत होती.

मेंदूविषयक विचार

प्रकृती ढासळत असतानाही १९३० च्या दशकाच्या आरंभी व्हायगॉट्स्की पुन्हा वैद्यकशास्त्र शिकू लागले. मेंदूच्या एकाच भागाला झालेल्या इजेचे परिणाम वयानुसार वेगळे असतात, असे त्यांनी १९३४ मध्ये मांडले. बालपणी इजा झाली तर तिच्यावर पुढे उभ्या राहणाऱ्या उच्च क्षमतांची वाढ खुंटते. प्रौढपणी खालच्या क्षमता वरच्या क्षमतांवर अवलंबून असल्यामुळे हानी उलट दिशेने पसरते. स्मृतीबाबतही त्यांचे मत याला जुळणारे होते. लहान मूल आठवणींच्या आधाराने विचार करते, तर किशोर विचाराच्या आधाराने आठवतो; म्हणून दोघांना एकाच पद्धतीने शिकवता येत नाही. मेंदूची आधुनिक छायाचित्रणतंत्रे तेव्हा नव्हती. त्यामुळे आजच्या मेंदूविज्ञानाचे सारे श्रेय त्यांना देणे अतिशयोक्तीचे ठरेल.

मृत्यू आणि नंतर

वयाच्या ३७ व्या वर्षी मॉस्को येथे क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. 'विचार आणि भाषा' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ त्याच वर्षी, मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. जुलै १९३६ मध्ये सोव्हिएत साम्यवादी पक्षाने बालविकासाच्या या ज्ञानशाखेवरच निर्बंध आणणारा ठराव केला. शिक्षकांसाठी लिहिलेला किशोरवयावरील ग्रंथ त्यामुळे शिक्षकांपर्यंत पोहोचेनासा झाला. १९५६ मध्ये त्यांच्या निवडक लेखनाचे पुनर्मुद्रण झाले आणि १९६२ मध्ये 'विचार आणि भाषा'चे इंग्रजी भाषांतर आले. दुसऱ्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना लुरियांनी मेंदूविषयीचा हा विचार पुढे नेला.