पहिल्या मॅरेथॉनमागचे दोराबजी

तुमच्यापैकी कुणी यंदाच्या जानेवारीत आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावलं असेल, तर एक गोष्ट चटकन पटेल. मेडल एकाच्या गळ्यात पडतं, पण पहाटे चारला उठवणारी आई, शूजसाठी पैसे देणारा दादा आणि रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या फोडी घेऊन उभे असलेले अनोळखी काका, हे सगळे आपल्यासोबत धावलेले असतात. आज अशाच एका 'कडेला उभ्या' माणसाची ओळख करून घ्या. नाव तुम्ही नक्की ऐकलंय: सर दोराबजी टाटा.

जमशेटजींचा हा थोरला मुलगा. जन्म 1859 चा, मुंबईचा. केंब्रिजला गेले तेव्हा अभ्यासापेक्षा मैदानावर जास्त रमले. मग मुंबईत झेवियर्समधून पदवी आणि त्यानंतर चक्क पत्रकारिता! 'बॉम्बे गॅझेट'मध्ये त्यांनी दोन वर्षं काम केलं. (आम्हा मास कॉमवाल्यांना तेवढाच दिलासा.) 1904 मध्ये वडील गेले. त्यांनी पाहिलेलं पोलाद कारखान्याचं स्वप्न दोराबजींनी पूर्ण केलं, तो भाग तुम्ही पुस्तकात वाचलाच असेल.

पुस्तकात सहसा नसतो तो भाग पुण्याचा. दोराबजी डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. 1919 मध्ये तिथल्या शर्यती बघताना त्यांना अनवाणी धावणारी खेड्यापाड्यातली मुलं दिसली. ना कोच, ना खुराक, ना धावायचं धड तंत्र. तरी काहींची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होती. दुसऱ्या कुणी टाळ्या वाजवल्या असत्या, बक्षीस दिलं असतं आणि गाडीत बसून घरी गेला असता. दोराबजींनी ठरवलं, ही पोरं ऑलिम्पिकला गेली पाहिजेत.

तेव्हा भारतात ऑलिम्पिक संघटनाच नव्हती. त्यामुळे मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्यामार्फत खटपट करून परवानगी मिळवावी लागली. खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी खिशातून उचलला. आणि 1920 मध्ये चार धावपटू आणि दोन पैलवान बेल्जियममधल्या अँटवर्पला पोचले.

त्यात होते बेळगावचे फडेप्पा चौगुले. अँटवर्पची मॅरेथॉन आजच्यापेक्षाही लांब होती, 42.75 किलोमीटर. चौगुलेंनी ती 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पूर्ण केली आणि एकोणिसावे आले. आज रोज ट्रेनिंग करणाऱ्यांना विचारा, तीन तासांच्या आत फुल मॅरेथॉन म्हणजे काय असतं! दुसरे धावपटू सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. पदक कुणालाच मिळालं नाही.

तरी दोराबजींनी हात आखडता घेतला नाही. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठीही ते पाठीशी राहिले. आता त्याच वर्षाची दुसरी बाजू बघा. त्यांची पोलाद कंपनी बुडायच्या बेतात होती. ती वाचवण्यासाठी त्यांनी स्वतःची संपत्ती आणि पत्नी मेहेरबाईंचे दागिने तारण ठेवले. त्यात कोहिनूरच्या दुपटीहून मोठा ज्युबिली हिरासुद्धा होता. साडी नेसून टेनिस गाजवणाऱ्या मेहेरबाईंनीही त्याला साथ दिली. माझ्या मते, या कहाणीत त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं.

1927 मध्ये इंडियन ऑलिम्पिक असोसिएशन स्थापन झाली, पहिले अध्यक्ष अर्थातच दोराबजी. 1931 मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती ट्रस्टला दिली आणि जून 1932 मध्ये जर्मनीत त्यांचं निधन झालं. इंग्लंडमध्ये ब्रूकवूडला मेहेरबाईंशेजारी त्यांना दफन केलं. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 मध्ये उभं राहिलं, ते याच ट्रस्टच्या पैशातून.

पुढच्या वेळी फर्ग्युसनवरून डेक्कनला चहाला जाल, तेव्हा जिमखान्याच्या मैदानाकडे जरा नजर टाका. चौगुलेंची अँटवर्पची वाट तिथूनच सुरू झाली होती.