रविवर्मा : परक्या कुटुंबांचा चित्रकार

देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींमुळे राजा रविवर्मा यांचे नाव घराघरांत पोहोचले. परंतु या देवादिकांच्या आधी आणि त्यांच्या बरोबरीने हा कलावंत आयुष्यभर एक वेगळेच काम करत होता. मोबदला ठरवून, वेळ पाळून, दुसऱ्यांच्या घरातील माणसांची चित्रे काढण्याचे हे काम. चित्रकला हा राजेरजवाड्यांचा छंद किंवा पदरी ठेवलेल्या कारागिराची चाकरी मानली जाण्याच्या काळात त्यांनी ती स्वतंत्र व्यवसाय म्हणून पत्करली. त्या व्यवसायाची ही कहाणी.

१८७० साली कालिकतमध्ये एका २२ वर्षांच्या तरुणाने कुटुंबाचे एक तैलचित्र पूर्ण केले. कुटुंब होते किळक्के पालाट कृष्ण मेनन यांचे. मेनन हे तेथील न्यायालयात उपन्यायाधीश. तरुण होता त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर घराण्याचा रविवर्मा. कोल्लूरच्या मूकांबिकेचे दर्शन घेऊन तो परतीच्या वाटेवर होता. मेनन कुटुंबाचे हे चित्र म्हणजे रविवर्मा यांना मोबदला देऊन मिळालेले पहिले काम, अशी त्यांच्या चरित्रात नोंद आहे.

आज या घटनेत विशेष काही वाटत नाही. चित्र काढले, पैसे घेतले. परंतु किळिमानूरचे घराणे त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरिकीने बांधलेले होते. अशा घरातील मुलाने चित्रकला शिकावी, दरबारात वाहवा मिळवावी, हे सर्वमान्य होते. त्याने गावोगाव फिरून लोकांची चित्रे काढावीत आणि त्याचे दाम घ्यावेत, ही गोष्ट मात्र रीतीबाहेरची होती. रविवर्मा यांनी ती केली आणि पुढची ३६ वर्षे करत राहिले.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा. वडील एळुमाविल नीलकंठन भट्टतिरिपाद हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. आई उमाअंबाबाई. पोर वयात वाड्याच्या भिंतींवर कोळशाने चित्रे काढणाऱ्या या मुलाची ओढ मामा राजराज वर्मा यांनी ओळखली. मामा स्वतः तंजावर शैलीत चित्रे काढत. पहिले धडे त्यांनीच दिले आणि १८६२ मध्ये, १४ वर्षांच्या भाच्याला घेऊन ते तिरुअनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारात गेले.

महाराजांनी आश्रय दिला. पण गुरू मिळाला नाही. तैलरंगांचे तंत्र तेव्हा नवे होते आणि ज्याला ते ठाऊक, तो ते जपून ठेवत असे. दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांनी शिकवण्यास नकार दिला. त्यांचे शिष्य आरुमुगम पिल्लै यांच्याकडून जे काही कळले, ते चोरूनमारून. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार राजपरिवाराची चित्रे काढण्यासाठी आला. त्यानेही शिकवले नाही. काम करताना पाहण्याची मुभा तेवढी दिली. रंग कसे मिसळावेत, चेहऱ्यावरची सावली कशी धरावी, हे या तरुणाने दुसऱ्याच्या खांद्यामागे उभे राहून पाहिले आणि नंतर स्वतः चुका करत साधले. जेन्सन येथे आला होता तोही मोबदल्यावर व्यक्तिचित्रे काढायलाच. म्हणजे तंत्राबरोबर व्यवसायाचा नमुनाही रविवर्मा यांना त्याच दालनात दिसला.

मेनन कुटुंबाच्या चित्राला आणखी एक अर्थ आहे. तो समजण्यासाठी मलबारची समाजरचना लक्षात घ्यावी लागते. तेथील नायर समाजात मातृवंशीय पद्धती होती. घर म्हणजे 'तरवाड'. त्यात आजी, आई, मावश्या, भावंडे आणि कारभार पाहणारा मामा. वारसा मामाकडून भाच्याकडे जाई. मुलांचा बाप त्यांच्या घराचा घटक मानला जात नसे. अशा विवाहसंबंधांना इंग्रजी कायद्यात मान्यता नव्हती. त्यांच्या नोंदणीची सोय करणारा मलबार विवाह कायदा आला तो १८९६ मध्ये. त्याच्या २६ वर्षे आधी एक इंग्रजी शिकलेला न्यायाधिकारी चित्रकाराला बोलावतो आणि पती, पत्नी व मुले यांना एका चौकटीत बसवून घेतो. कायद्याने जे कुटुंब अजून मान्य केले नव्हते, ते कॅनव्हासवर उमटले. मोबदला घेऊन चित्र काढणाऱ्यासमोर ग्राहक केवळ आपला चेहरा ठेवत नाही. आपण कोण म्हणून दिसावे, आपल्या शेजारी कोण असावे, ही इच्छाही ठेवतो. या पहिल्याच कामात रविवर्मा यांना त्या इच्छेला रूप द्यावे लागले.

हे काम वाटते तितके सुखाचे नसते. एकट्या माणसाचे चित्र काढताना त्याच्याशी जमवून घेता येते. कुटुंबचित्रात मधोमध कोणी बसावे, कोणी उभे राहावे, कोणाचा दागिना झाकला जाता कामा नये, या प्रत्येक प्रश्नामागे घरातील मानपान असतो. लहान मूल स्थिर बसत नाही. अंतःपुरातील स्त्री परक्या पुरुषापुढे संकोचते. संस्थानिकाला बैठकीसाठी वेळ नसतो आणि तो येईपर्यंत चित्रकार ताटकळतो. चेहरा हुबेहूब हवा, पण वयाच्या खुणा फार दिसू नयेत, ही अपेक्षा तर सार्वत्रिक. अशा वेळी रविवर्मा छायाचित्रांची मदत घेत. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मात्र छायाचित्रात नसलेला रंग, रेशमाची चमक, मोत्यांचे पाणी आणि त्वचेची ऊब ते स्वतः पाहून भरत. छायाचित्रकाराची दुकाने उघडत असतानाही लोक तैलचित्रासाठी त्यांच्याकडे येत राहिले, ते यासाठीच.

कीर्ती भराभर वाढली. १८७३ मध्ये केशभूषा करणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्यांचा गौरव झाला. १८७८ मध्ये मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे व्यक्तिचित्र त्यांनी काढले. राज्यकर्त्यांनी आपल्या चित्रासाठी एका भारतीयापुढे बसावे, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. पण १८८० मध्ये आयिल्यम तिरुनाळ यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आलेल्या विशाखम तिरुनाळ यांच्याशी रविवर्मा यांचे सूर जुळले नाहीत आणि दरबाराचा आधार सुटला. एकाच आश्रयदात्यावर विसंबणारा चित्रकार येथे संपला असता. रविवर्मा यांनी मात्र रंगांच्या पेट्या बांधल्या.

त्यांना बडोद्याची वाट दाखवली सर टी. माधवराव यांनी. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले हे मुत्सद्दी पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते आणि आता बडोद्याचा कारभार पाहत होते. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाड यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. त्या सोहळ्याच्या निमित्ताने रविवर्मा बडोद्यास आले, काही महिने राहिले आणि महाराजांसह गायकवाड घराण्यातील मंडळींची व्यक्तिचित्रे त्यांनी काढली. तेथून भावनगर, पुढे म्हैसूर अशी एकेका संस्थानाची दारे उघडत गेली. एका दिवाणखान्यात लागलेले चित्र पाहून दुसऱ्या संस्थानचे बोलावणे येई. त्यांची जाहिरात भिंतीवरच टांगलेली असे.

या भटकंतीत सावलीसारखा बरोबर होता धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा. रविवर्मा यांच्याहून १२ वर्षांनी लहान. तो स्वतः उत्तम निसर्गचित्रकार होता. परंतु मोठ्या भावाच्या चित्रांतील पार्श्वभूमी रंगवणे, पत्रव्यवहार, प्रवासाची व्यवस्था, ग्राहकांशी बोलणी, हिशेब हे सारे त्याने अंगावर घेतले. त्याने इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी आज उपलब्ध आहे. या दोन भावांचा कारखाना कसा चाले, हे तिच्यातून कळते. चित्राखाली नाव एकाचे असले तरी कष्ट दोघांचे होते. बहीण मंगलाबाई याही चित्रकार होत्या आणि रविवर्मा यांचे एक व्यक्तिचित्र त्यांनी काढले आहे. पण त्या काळच्या स्त्रीला भावांसारखे संस्थाने पालथी घालणे शक्य नव्हते.

१८८८ मध्ये सयाजीरावांनी पुराणकथांवरील १४ चित्रांचे काम ५० हजार रुपयांना दिले. त्यासाठी दोघा भावांनी उत्तर भारताचा प्रवास करून वेशभूषा न्याहाळल्या. ही चित्रे पूर्ण झाल्यावर ती पाहायला लोकांची रीघ लागली. या यशाचे मूळ मात्र आधीच्या १८ वर्षांत आहे. खऱ्या राण्या, खरे दागिने, खऱ्या नऊवारी साड्यांच्या चुण्या समोर बसून रंगवलेल्या हातानेच दमयंती आणि शकुंतला रंगवल्या. त्यांच्या देवता ओळखीच्या वाटतात, कारण त्यांच्या चेहऱ्यामागे बैठकीला बसलेल्या माणसांचा अभ्यास आहे.

परक्यांची कुटुंबे अशी चौकटीत एकत्र बसत असताना स्वतःच्या कुटुंबाच्या वाट्याला हा माणूस किती आला? १८६६ मध्ये त्यांचा विवाह मावेलिक्करा घराण्यातील भागीरथीबाईंशी झाला होता. घराण्याच्या रीतीनुसार पत्नी आणि मुले आपल्या तरवाडात राहत आणि रविवर्मा वर्षातील मोठा काळ परमुलखात. १८९१ मध्ये भागीरथीबाई गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, रविवर्मा यांनी एक चित्र काढले. त्याचे इंग्रजी नाव 'देअर कम्स पापा'. थोरली मुलगी महाप्रभा कडेवर बाळ घेऊन उभी आहे, शेजारी कुत्रा आहे, आणि साऱ्यांचे लक्ष चौकटीबाहेरून येणाऱ्या बाळाच्या वडिलांकडे आहे. वडील चित्रात दिसतच नाहीत. हे चित्र त्यांच्या घरचे आहे आणि त्यातील वाट पाहणे त्यांच्या घराला अनोळखी नसावे. मेनन यांच्या चित्रापासून सुरू झालेला विषय येथे २३ वर्षांनी त्यांच्या दाराशी आला. पुढे १९०० मध्ये त्यांच्या दोन नाती, सेतू लक्ष्मीबाई आणि सेतू पार्वतीबाई, त्रावणकोर राजघराण्यात दत्तक गेल्या. मुलगा रामवर्मा याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेऊन वडिलांचा वारसा चालवला.

१८९३ मध्येच शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रे गेली व पुरस्कारही मिळाले. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. चित्रे सामान्य माणसाला परवडावीत ही कल्पना माधवरावांनी बरीच आधी सुचवली होती. 'शकुंतलाजन्म' हे चित्र तेथे प्रथम छापले गेले. चित्रे घरोघरी गेली. मालकाच्या हाती मात्र कर्ज उरले. मुंबईत प्लेगने थैमान घातले, छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलला आणि अखेर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. ज्या छापखान्याने त्यांना अजरामर केले, त्याने त्यांचे पोट भरले नाही. पोट भरत होती ती व्यक्तिचित्रे. पन्नाशी उलटल्यावरही भाऊ कामासाठी प्रवास करत होते. १९०१ मध्ये त्यांनी उदयपूर गाठले. तेथे महाराणा फतेसिंह यांच्याबरोबरच महाराणा प्रताप यांचेही चित्र त्यांनी काढले. ज्याला समोर बसवणे अशक्य, अशा पूर्वजालाही वंशजांच्या रांगेत बसवून देणे, हाही या व्यवसायाचाच भाग होता.

१९०४ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पण १९०५ मध्ये राजराज वर्मा यांचे निधन झाले आणि २५ वर्षांची जोडी तुटली. म्हैसूर दरबाराचे काम हाती होते, ते रविवर्मा यांनी एकट्याने पुढे नेले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला, जेथे भिंतींवर पहिल्या रेघा उमटल्या त्याच गावी, त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर टीकेची लाट आली. हॅवेल, आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता यांना या कलेत विलायती अनुकरण आणि नाटकीपणा दिसला. मागणी तसा पुरवठा करणारा चित्रकार हा आक्षेप तर आजही ऐकू येतो. दुसरीकडे १९७९ मध्ये भारत सरकारने त्यांची चित्रे राष्ट्रीय कलाठेवा ठरवून ती देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. १९९३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोठे प्रदर्शन झाले आणि पुनर्मूल्यमापनाला वेग आला.

मागणीनुसार काम केल्याचा आरोप खराच आहे. तो त्यांनी स्वतःही नाकारला नसता. परंतु त्यामुळेच चित्रकाराला दरबारी चाकरीबाहेर, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या दरावर जगता येते, हे या देशात सिद्ध झाले. पुढे मुंबईत व्यक्तिचित्रांवर संसार चालवणाऱ्या चित्रकारांची जी परंपरा रुजली, तिच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्यांत रविवर्मा अग्रभागी होते. बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात त्यांची चित्रे पाहताना पुराणकथांपुढे गर्दी थांबते आणि व्यक्तिचित्रांवरून नजर सरकते. तेथे थोडे थांबावे. त्या चौकटींतील राजे आणि राण्या केव्हाच काळाच्या पडद्याआड गेल्या. पण कधी काळी त्या तासन् तास स्थिर बसल्या होत्या, आणि समोर एक माणूस घरापासून शेकडो कोस दूर, आपले काम करत उभा होता.