आकारमानाचे गणित मांडणारे प्राध्यापक हॉल्डेन

पाणीगेट दरवाज्यातून बाहेर पडून आजवा रस्त्याकडे वळले की संध्याकाळी बंद दुकानांच्या पायऱ्यांवर मुलांचे घोळके दिसतात. घोळक्याच्या मध्यभागी मोबाईल असतो आणि त्या एवढ्याशा काचेवर सगळ्यांची डोकी वाकलेली असतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका पायरीवरून आमच्या इयत्ता आठवीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस हाक मारली. त्याच्या खेळात दुमजली घराएवढा एक डायनोसॉर उंच कड्यावरून खाली झेपावला, जमिनीवर आदळला, अंग झाडले आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात चालू लागला. असे खरोखर होऊ शकेल काय, असा त्या मुलाचा प्रश्न होता. आम्ही घाईत होतो. एवढ्या मोठ्या प्राण्याची हाडेही तेवढीच बळकट असणार, तेव्हा त्यास काय होणार, असे सांगून आम्ही पुढे निघालो.

घरी पोहोचेपर्यंत आमचे मन आम्हांस खाऊ लागले. आमच्या लहानपणी, कोकणात, माडाच्या शेंड्यावरून निसटलेली खार (आमच्या कोकणीत तिला चानी म्हणतात) धप्पकन अंगणात पडलेली आम्ही पाहिली होती. क्षणभर ती गोंधळली आणि लगेच शेपूट फुगवून कुंपणावर चढली. त्याच वाडीत नारळ उतरविणारा पाडेली अर्ध्या माडावरून पडला. त्याचे कंबरडे मोडले ते कायमचेच. पुन्हा कधी तो माडावर चढला नाही. शिंदळाचा दोर त्याच्या पडवीत टांगलेला राहिला. म्हणजे लहान वाचले आणि मोठे मोडले. मग डायनोसॉर तेवढा कसा वाचावा? आमचे उत्तर चुकले होते. बरोबर उत्तराच्या शोधात आम्ही जे वाचले, त्यातून एका विलक्षण पुरुषाची ओळख झाली. त्यांचेच चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन यांचा जन्म इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे ५ नोव्हेंबर १८९२ रोजी झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे मोठे अभ्यासक होते. कोळशाच्या खाणींतील विषारी वायूंचा शोध घेण्यासाठी ते स्वतः खाणीत उतरत आणि स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करीत. मुलालाही त्यांनी तीच दीक्षा दिली. जॉन अगदी लहान असताना पडून त्याचे कपाळ फुटले, तेव्हा वाहणाऱ्या रक्तात कोणता वायू मिसळला आहे अशी त्याने चौकशी केली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, खाणीतली गोष्ट मात्र प्रसिद्ध आहे. वडिलांनी मुलाला एका खाणीत नेऊन उभे केले आणि शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकातील अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. भाषण पुरे होण्यापूर्वीच मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीवर पडताच त्यास पुन्हा नीट श्वास घेता येऊ लागला. खाणीतील तो ज्वालाग्राही वायू हवेहून हलका असतो, म्हणून छताशी साठतो, हा धडा त्या मुलास आयुष्यभर पुरला. आजच्या पालकांनी मात्र या शिक्षणपद्धतीचे अनुकरण करू नये, एवढे येथे लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पुढे ईटन येथील प्रसिद्ध शाळेत शिक्षण झाले. तेथे मोठ्या मुलांनी त्यांचा बराच छळ केला. ऑक्सफर्डला त्यांनी आधी गणिताच्या परीक्षेत प्रथम वर्ग मिळविला आणि नंतर ग्रीक-लॅटिन वाङ्मय व तत्त्वज्ञान घेऊन १९१४ साली पदवी घेतली. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. आम्ही स्वतः कलाशाखेचे असल्याने या तपशिलाचा आम्हांस थोडा अधिक आनंद झाला, हे कबूल केलेले बरे.

घरात उंदीर आणि गिनीपिग पाळून हॉल्डेन आणि त्यांची बहीण नेओमी यांनी अनुवंशाचे प्रयोग चालविले होते. त्यांवरचा निबंध १९१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हॉल्डेन महायुद्धाच्या आघाडीवर होते. युद्धात ते दोनदा जखमी झाले. दुसऱ्यांदा मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांस हिंदुस्थानात पाठविण्यात आले. या देशाशी त्यांचा पहिला परिचय असा दुखण्याच्या निमित्ताने झाला.

१९२३ पासून केंब्रिज येथे जीवरसायनशास्त्र शिकवीत असतानाच १९२६ साली त्यांनी प्राण्यांच्या योग्य आकारमानाविषयी एक छोटा निबंध लिहिला. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. त्या निबंधातील विचार आम्ही आमच्या परीने सांगतो.

घरातील पालीची प्रत्येक बाजूने दहापट वाढविलेली प्रतिकृती कल्पावी. लांबी दहापट, रुंदी दहापट, उंची दहापट. तिची कातडी शंभरपट पसरेल, हाडांचा छेदही शंभरपट होईल. परंतु वजन मात्र हजारपट होईल, कारण ते लांबी, रुंदी आणि उंची या तिहींच्या गुणाकाराने वाढते. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पूर्वीच्या दहापट भार पडेल. शरीर वाढते त्या मानाने त्याचा आधार वाढत नाही. इटलीतील गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात हेच ओळखले होते आणि घोड्याचे हाड जेथे मोडेल तेथून पडलेल्या मांजरास काहीही होत नाही, हेही त्याने नोंदविले होते.

आता पडण्याचे पाहू. पडणाऱ्या वस्तूस हवा खालून रोखते. हा रोध पृष्ठभागाच्या मानाने वाढतो आणि ओढ वजनाच्या मानाने वाढते. उंदराचे वजन थोडे, त्या मानाने अंग पसरलेले. त्यामुळे थोडे पडल्यावर त्याचा वेग वाढावयाचा थांबतो. मग तो माडावरून पडो की खोल खाणीत पडो, फार फरक पडत नाही. आपल्या उंदरांच्या सहवासात वाढलेल्या हॉल्डेन यांनी याच क्रमाने उंदीर, घूस, मनुष्य आणि घोडा असे चढते प्राणी घेऊन खाणीतील पतनाचा परिणाम कसकसा भयंकर होत जातो ते दाखविले आहे. घोड्याची गत येथे वर्णन करण्याजोगी नाही. अवजड प्राण्यास पाच मीटरांच्या पतनात हवा जवळजवळ काहीच मदत करीत नाही. जमिनीशी भेट होते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर झालेला असतो.

शिवाय मोठ्या प्राण्याला पडण्यासाठी कड्याची गरजच नसते. त्याची स्वतःची उंची हाच त्याचा कडा. उंदीर अडखळला तर बोटभर पडतो. हत्ती कुशीवर कोसळला तर त्याचे छातीचे ओझे दोन मीटर खाली येते. म्हणूनच हत्ती उडी मारीत नाही. शेतात शिरणाऱ्या हत्तींना अडविण्यासाठी आपल्या देशात वनखाते खंदक खोदते, ते याच भरवशावर. मनुष्य जो खड्डा उडी मारून उतरेल, तेथे हत्ती कडेला उभा राहतो.

डायनोसॉरही याला अपवाद नव्हते. १९९५ साली अमेरिकेतील जेम्स फार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहा टनांच्या टायरॅनोसॉरसचे गणित मांडले. तो सेकंदाला २० मीटर वेगाने धावताना नुसता अडखळून पडला असता, तरी ते त्याच्या प्राणावर बेतले असते. धावताना, सपाट जमिनीवर! कड्याची गोष्ट वेगळी काढावयासच नको. तरीही प्रत्येक इजेत मृत्यूच येई असे नव्हे. १९९० साली सापडलेल्या व 'स्यू' या नावाने प्रसिद्ध असलेल्या टायरॅनोसॉरसच्या काही बरगड्या मोडून पुन्हा सांधलेल्या आहेत. आपल्या वडोदऱ्याहून बालासिनोरजवळचे रैयोली गाव फार दूर नाही. राजासॉरस हा मांसाहारी डायनोसॉर तेथीलच. त्याचे नामकरण २००३ साली झाले. रैयोलीच्या त्या खडकांवर उभे राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी एवढे मनात आणावे की, त्या प्राण्याला तेथील उतार जपून, पाऊल पारखून उतरावा लागत असला पाहिजे.

हॉल्डेन यांची कीर्ती मात्र मुख्यतः या निबंधावर उभी नाही. निसर्गाची निवड पिढ्यान्‌पिढ्या कशी चालते याचे गणित त्यांनी १९२४ पासून निबंधमालेतून मांडले. त्यांचे नाव या विषयात फिशर आणि राइट यांच्या बरोबरीने घेतले जाते. १९३३ पासून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होते.

आपल्या शरीराशी मात्र ते निर्दयपणे वागले. रक्त आम्लधर्मी झाले तर काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी क्षार पिऊन पाहिले. १ जून १९३९ रोजी 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळीच लिव्हरपूलजवळच्या समुद्रात बुडाली आणि ९९ माणसे आत गुदमरून मेली. ती कशी मेली हे समजावे म्हणून हॉल्डेन काही सहकाऱ्यांसह बंद पोलादी खोलीत बसले आणि दूषित हवा घेत राहिले. पुढे युद्धकाळात पाणबुड्यांसाठी अधिक दाबाखालील प्राणवायूचे प्रयोग झाले. त्यांत त्यांस असे झटके आले की पाठीचे मणके दबले. ती पाठदुखी मरेपर्यंत राहिली. हाडे किती भार सोसतात हे लिहिणाऱ्या माणसाने ते असे स्वतःच्या पाठीवर भोगले.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. हॉल्डेन कम्युनिस्ट विचारांचे होते आणि १९४२ साली ते त्या पक्षाचे सभासद झाले. रशियात त्या काळी लिसेंको नावाच्या गृहस्थाने सत्तेच्या बळावर अनुवंशशास्त्रच मोडीत काढले. ज्यांनी १९२८ साली हॉल्डेन यांस रशियात आमंत्रण दिले होते, ते थोर शास्त्रज्ञ वाविलोव्ह १९४३ साली तुरुंगात मरण पावले. लिसेंकोचे गणित चुकीचे आहे हे जगात ज्यांना सर्वांत नीट कळत होते त्यांपैकी हॉल्डेन एक. तरी त्यांनी स्पष्ट निषेध केला नाही. शब्द जपून वापरले, काही ठिकाणी बाजूही सावरली. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, तेही गाजावाजा न करता. विषारी वायूला न भिणारा मनुष्य येथे का कचरला, हा विचार आम्हांस हे चरित्र वाचताना वारंवार बोचला. त्याचे समर्थन करणे आमच्याने होत नाही.

१९५७ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून हॉल्डेन पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. सुएझवर ब्रिटनने केलेल्या आक्रमणाचा त्यांस संताप आला होता, हेही देश सोडण्याचे एक कारण त्यांनी दिले. येथे त्यांनी सदरा-पायजमा वापरण्यास सुरुवात केली, मांसाहार सोडला आणि १९६१ साली भारताचे नागरिकत्व घेतले. महागडी यंत्रे नाहीत म्हणून रडत बसू नये, डोळे व वही पुरेशी आहेत, असा त्यांचा तरुण संशोधकांना आग्रह असे. त्यांच्या प्रेरणेने एकाने फुलांच्या पाकळ्या मोजल्या, सुरेश जयकर आणि हेलन स्परवे यांनी टिटवीच्या घरट्यावर पहारा ठेवला, तर टी. ए. डेव्हिस यांनी माडाच्या झावळ्या कोणत्या माडाला डावीकडे व कोणत्याला उजवीकडे वळत जातात ते तपासले. माडांखाली वाढूनही आम्ही हे कधी पाहिले नव्हते! यंदा सुट्टीत गावी गेलो तेव्हा मान वर करून पाहिले. दोन्ही प्रकारचे माड एकाच परसात उभे होते.

योगायोग असा की, याच संस्थेने त्याच काळात डायनोसॉरांचा शोध आरंभिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील पामेला रॉबिन्सन यांनी तेथील भूशास्त्र विभागास आकार दिला आणि १९६१ च्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या तेलंगणात, एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे निघाली. मांडीचे एक हाडच १.७ मीटर लांब. त्यावरून त्याचे नाव 'बारापासॉरस', म्हणजे मोठ्या पायाचा प्राणी, असे पडले. ते वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे असल्याने पुढे 'टागोराय' हे नामही जोडले गेले. एवढे जाड खांबासारखे पाय त्या देहास का लागतात याचे गणित मांडणारा मनुष्य त्याच संस्थेत होता. चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळच्या डोंगरगाव येथे सापडलेल्या दुसऱ्या एका महाकाय प्राण्याला २००३ साली संस्थेच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून 'इसिसॉरस' हे नाव मिळाले.

महालनोबिस यांच्याशी मतभेद होऊन हॉल्डेन यांनी १९६१ साली ती संस्था सोडली. पुढील वर्षी ते भुवनेश्वरला गेले आणि ओरिसा सरकारच्या साहाय्याने अनुवंशशास्त्राची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. लवकरच कर्करोगाचे निदान झाले. लंडनला शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयात असताना त्यांनी आपल्या रोगावर एक विनोदी कविता लिहिली, आणि आपल्या मृत्यूनंतर दाखविण्यासाठी आपलाच मृत्युलेख बीबीसीकरिता स्वतः बोलून ठेवला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयास विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला.

हे सारे आम्ही त्या विद्यार्थ्यास वर्गात फळ्यावर पालीचे चित्र काढून सांगितले आणि आमचे पहिले उत्तर चुकले होते हेही सांगितले. खेळ बनविणारे हे गणित का मांडीत नाहीत, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. मोठा प्राणी प्रत्येक दगडावरून उतरताना मेला तर खेळणार कोण, असे आम्हांस वाटते. तो मात्र आता आपल्या डायनोसॉरला कड्यावरून उडी मारू देत नाही. वेळ लागला तरी डोंगराला वळसा घालून, वाटेवाटेने खाली आणतो. आणि मागे बसलेली मुले खोळंबली म्हणून ओरडत राहतात.